ईडा नोआकची मान

"ही रेघ तेवढी उद्या खरवडून टाकते, म्हणजे गळा मोकळा होईल," फ्राऊ वोल्फराम हे इतक्या सहज म्हणाली, की मी आधी मानच डोलावली. जेवणाच्या सुटीत आले होते मी, नाटकगृहाच्या कपडेखात्यातून, गळ्यात मोजमापाची टेप तशीच अडकवलेली आणि पर्समध्ये अर्धा खाल्लेला पाव. संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावरची ती दुरुस्तीची खोली, उत्तरेकडची मोठी खिडकी, आणि खिडकीखालच्या टेबलावर माझी आई उताणी. म्हणजे आईचं चित्र. आयुष्यभर ते मी सोफ्याच्या वर, भिंतीवर पाहिलेलं. आडवं पडलेलं पाहायची सवयच नाही. फ्राऊ वोल्फराम पोरगीच आहे, तिशीची असेल, बोटं लांबसडक, बोलणं मऊ. तिनं कापूस गुंडाळलेली काडी आईच्या गळ्याजवळ नेली आणि मला नीट कळावं म्हणून त्या रेघेवरून हवेतल्या हवेत फिरवली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी टेबलाची कड धरली. "कोणती रेघ?" मी विचारलं. जसं काही तिथं दहा रेघा होत्या.

"ही हो, गळ्यावरची तांबूस. घरातल्याच कुणीतरी नंतर ओढलेली दिसतेय. मानेचा रंग पुसला गेला, तेव्हा कॉलरची कड दाखवायचा प्रयत्न केला असेल. असं करतात लोक." तिनं मला बरं वाटावं म्हणून हसून म्हटलं, "आमच्याकडे एक बिशप आला होता, त्याला कुणीतरी बूटपॉलिशनं मिशा काढल्या होत्या." मग तिनं बाजूचा मोठा केलेला फोटो पुढं सरकवला. काळापांढरा, पहिल्या प्रदर्शनातला. त्यात आईची मान पहिल्यासारखी, जशी ओस्विन टानर्टनी रंगवली होती तशी, डाव्या बाजूला ती गाठ घेऊन. या फोटोवरून ती मान पुन्हा उभी करायची, पातळ रंगाचे थर एकावर एक चढवत, टानर्टच्याच पद्धतीनं. वसंतात मोठं प्रदर्शन आहे, टानर्टना जाऊन दहा वर्षं होतील म्हणून. वरिष्ठांनी होकार दिलाय. चित्र माझं, म्हणून माझ्या कानावर घालायचं, इतकंच. "ती गाठ म्हणजेच तर चित्राचा जीव आहे, फ्राऊ नोआक," ती म्हणाली. आणि गंमत बघा, यात खोटं काहीच नव्हतं. गाठीमुळेच ते चित्र गाजलं. त्या गाठीमुळेच आई जगली. मग मी टेप बोटाला का गुंडाळत बसले?

मी दिवसभर माना मोजते. नट्यांच्या, गायकांच्या, कोरसमधल्या जाड्या बायकांच्या. मानेवर टेप टाकली की माणूस एकदम गप्प होतो, हे मी किती वर्षं बघतेय. तिथं कुणाचा हात आवडत नाही. आईला तर मुळीच नाही. तिचं कपड्यांना इस्त्री करायचं दुकान होतं, शहराच्या नॉयश्टाट भागात, आमच्याच इमारतीच्या तळघरात. चार पायऱ्या उतरल्या की वाफ, खळीचा आंबूस वास आणि शेगडीवर रांगेत तापत ठेवलेल्या इस्त्र्या. सगळ्या बायका तिथं ब्लाऊजची बटणं सोडून काम करायच्या. आईचं मात्र वरचं बटण कायम लावलेलं. तिथं टानर्ट यायचे, शर्ट घेऊन. एकच शर्ट असावा त्यांच्याकडे, कारण तो इस्त्री होईपर्यंत ते कोट अंगावर आवळून स्टुलावर बसून राहायचे. मी सात वर्षांची. टेबलाखाली बसून मी त्यांचे बूट बघायचे आणि ते आईला बघायचे. बघायचे म्हणजे काय, ते कसं सांगू? शेजारचा खाटीकही आईकडे बघायचा, तेव्हा ती त्याच्या अंगावर ओल्या फडक्याचं पाणी उडवायची. यांच्याकडे बघून तिनं कधी फडकं उचललं नाही. एकदा म्हणाली, "हेर टानर्ट, तुमच्या डोळ्यांना काही पथ्य आहे की नाही? माणसानं जेवताना तरी थांबावं." ते म्हणाले, "मी जेवलेलोच नाही." आणि सगळं दुकान हसलं. मग तिनं त्यांना बटाट्याचं सूप दिलं आणि त्यांनी विचारलं, तुमचं चित्र काढू का.

ते चित्र काढत होते ते दिवस मला आजही अंगावर काटा येईल असे आठवतात. आमच्याच दुकानात, काम बंद झालं की, तळघराच्या खिडकीतून शेवटचा उजेड येई त्या वेळेला. लाकडाची फळी, तिच्यावर खडूचं पांढरंशुभ्र अस्तर, घासून घासून इतकं गुळगुळीत की मला त्याला गाल लावावासा वाटे. त्यावर आधी अंड्याच्या बलकात कालवलेला रंग, मग त्यावर तेलाचे थर, इतके पातळ की एक थर दिला तरी काही दिलंय असं वाटायचं नाही. आम्हाला वाटायचं, हा माणूस काहीच करत नाही, नुसता ब्रश पुसतोय. आणि मग एखाद्या संध्याकाळी बघावं तर आईच्या हाताच्या शिरा आत निळ्या होऊन बसलेल्या. अंगठ्यावरचा जुना भाजल्याचा डाग. नखात अडकलेली खळ. देवा रे! मी टेबलाखालून बाहेर येऊन त्या हाताला हात लावायला गेले, तर टानर्टनी माझं मनगट पकडलं आणि म्हणाले, "ओला आहे." आई ओली आहे, असंच मला ऐकू आलं. एक दिवस ते म्हणाले, "फ्राऊ नोआक, वरचं बटण काढा." आईनं नाही म्हटलं. ते ब्रश खाली ठेवून बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "मेलं ते बटण!" आणि काढलं. तिथं काय आहे ते मी कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशीही मला काही दिसलं नाही, आईची पांढरी मान तेवढी दिसली. बाबांना दिसलं नाही. दुकानातल्या बायकांना दिसलं नाही. ते फळीवर आल्यावर सगळ्यांना दिसलं.

प्रदर्शनात आई नवी टोपी घालून गेली होती, आणि तिथं भर गर्दीत ती ओरडली. "माझी मान अशी नाही! हा खोटारडा आहे!" लोक मागं सरकले. बाबा तिचा दंड धरून "ईडा, अगं ईडा" करत होते. टानर्ट टोपी हातात घेऊन उभे. फळीवर आईच्या मानेच्या डाव्या बाजूला एक फुगवटा होता, फार मोठा नाही, आणि त्यावर उजेड असा पडला होता की तो किती खोल गेलाय तेही कळावं. त्यांनी तो लपवला नव्हता आणि वाढवलाही नव्हता. नखातली खळ ज्या मायेनं काढली त्याच मायेनं तोही काढला होता. त्या गर्दीत एक माणूस चित्राला नाक लागेल इतका जवळ उभा होता. तो वळला, आईकडे आला आणि त्यानं विचारलं, "बाई, बघू?" डॉक्टर झाइफर्ट म्हणून तो शस्त्रक्रियेचा डॉक्टर होता, सुटीच्या दिवशी चित्रं बघायला आलेला. आईनं, कुणाला मान न दाखवणाऱ्या माझ्या आईनं, काय झालं कोण जाणे, तिथंच सगळ्यांसमोर हनुवटी वर केली. त्यानं दोन बोटांनी चाचपलं, तिला गिळायला सांगितलं, आणि त्याचा चेहरा बदलला. पुढच्याच आठवड्यात गाठ काढली. उन्हाळ्यापर्यंत थांबलो असतो तर मला आई नसती, असं त्यानं बाबांना सांगितलं. बाबा घरी येऊन स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, एवढं मला आठवतं.

गळ्यावर व्रण घेऊन आई घरी आली, तेव्हा दाराला टेकवून चादरीत गुंडाळलेली फळी होती. टानर्टनी तशीच ठेवून दिली होती. दारही वाजवलं नव्हतं. आईनं ती घेतली, सोफ्याच्या वर टांगली, पण त्यांना कधी निरोप पाठवला नाही. तिचा राग वेगळाच होता. बायका म्हणायच्या, अगं, त्यानं तुझा जीव वाचवला. तेव्हा ती म्हणायची, "वाचवला कसला? तीन आठवडे समोर बसून बघत होता. दिसत होतं त्याला. एका शब्दानं बोलला? रंगवत बसला!" हे ती इतक्यांदा म्हणाली की मलाही टानर्टची भीती वाटायला लागली. साऱ्या गल्लीलाच वाटायची. त्यांनी ज्याचं चित्र काढलं त्याचं काहीतरी होतं, अशी वदंता उठली. खाटकानं तर त्यांना दुकानात यायची बंदी केली, न जाणो, हा बघेल म्हणून. नंतर नव्या सरकारचे ते दिवस आले, ज्यांत खरी माणसं रंगवणाऱ्यांना शहरात जागा उरली नाही. त्यांची चित्रं उतरवली गेली, आणि ते डोंगराकडच्या कुठल्याशा खेड्यात गेले म्हणे. फळी आमच्याकडे आहे हे त्या लोकांना ठाऊकच नव्हतं, म्हणून ती राहिली.

आणि आई तिला दर ईस्टरच्या आधी बटाट्यानं पुसायची. आता हे फ्राऊ वोल्फरामसारखीला सांगायची सोय नाही, तिला घेरीच येईल. पण आमच्याकडे सगळ्या घरांतून असंच करतात. हिवाळाभर कोळशाच्या शेगड्या जळतात, भिंती काळवंडतात, मग ईस्टर आला की पडदे उतरवायचे, गाद्या झोडपायच्या आणि चित्रं कच्चा बटाटा अर्धा कापून त्यानं घासायची. काजळी सुटते, वर ओलं फडकं फिरवलं की झालं. छापील चित्रांना काही होत नाही. या फळीवरचे थर मात्र टानर्टचे, श्वासाइतके पातळ. आई चेहऱ्यावरून हलक्या हातानं बटाटा फिरवायची, हातांवरून फिरवायची आणि मानेशी आली की थांबून घासायची. डावीकडे. गोल गोल. एकदा मी म्हटलं, "आई, तिथलं जाईल ना." ती म्हणाली, "जाऊ दे की! माझं गेलं, तिचं कशाला राहायला हवं?" तिचं, असं म्हणाली. जणू ती चित्रातली तिची धाकटी बहीण, दवाखान्यात जायची राहिलेली. वर्षामागून वर्षं ती घासत गेली, आणि फुगवटा फिकट होत होत एका ईस्टरला पार गेला. तिथं खालचं पांढरं अस्तर दिसायला लागलं. युद्धात शहरावर बॉम्ब पडले त्या रात्री बाबा रेल्वेच्या यार्डात होते, ते आलेच नाहीत. सकाळी आई तळघरातून वर आली तेव्हा तिच्या पाठीला पलंगाच्या चादरीनं फळी बांधलेली होती, लेकरू बांधतात तशी. फोटो सगळे मावशीकडे होते, ते मावशीच्या घरासकट गेले. म्हणून माझ्यापाशी आईचा असा चेहरा एवढाच आहे.

"फ्राऊ नोआक, बसता का जरा?" फ्राऊ वोल्फरामनं खुर्ची ओढली. मी बसले. बसल्यावर चित्र अगदी डोळ्यांच्या पातळीवर आलं, तिरप्या उजेडात. हातावरच्या शिरा अजून तशाच, निळ्या, जिवंत. खरं सांगते, मला तो जुना गळा पुन्हा बघावासा वाटला. त्या काळ्यापांढऱ्या फोटोतून का होईना, सात वर्षांची असताना जे बघून मी श्वास घ्यायला विसरले होते, ते पुन्हा रंगात बघायला मिळणार होतं. कुणाला नको? आणि मी कोण हो, एवढ्या मोठ्या माणसाचं काम अर्धवट राहू दे म्हणणारी? तो थोर चित्रकार, ही शिकलेली मुलगी, आणि मी कॉलर शिवणारी. आई फळीवरून माझ्याकडे नेहमीसारखी, जरा चिडून, बघत होती. एकीकडे तो फुगवटा परत येणार, दुसरीकडे ती रेघ जाणार. फुगवटा आला तर रेघ राहू शकत नाही. गाठ आणि व्रण एका गळ्यावर एका वेळी नसतात. मग मी उगाचच विचारलं, "पण उद्या खरवडणार म्हणजे? आजच का नाही पुसलीत?"

"पुसून पाहिली," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच तिच्या कपाळावर आठी आली. "घरगुती रंग असता तर स्पिरिटनं लगेच निघाला असता. हलत नाहीये. अस्तरातच मुरलाय. म्हणून पात्यानं काढावी लागेल."

"हलणार कशी? अंड्यात आहे ती," मी म्हटलं.

तिनं काडी खाली ठेवली. "अंड्यात? तुम्हाला कसं ठाऊक?"

"फ्राऊ लिबिशच्या कोंबडीचं होतं. अंगणात कोंबड्या होत्या तिच्या. आईनं माझ्या केकसाठी राखून ठेवलेलं." आणि हे बोलता बोलता मला रडूच यायला लागलं. त्या केकसाठी नव्हे. त्या दिवसासाठी.

टानर्ट आले ते शरद ऋतूत, छप्पन्न साली. दार मीच उघडलं. म्हातारे झाले होते, कोट बहुधा तोच. "शर्ट घेऊन नाही आलो," ते म्हणाले, एवढाच नमस्कार. आई स्वयंपाकघरातून आली, हात पुसत, आणि दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली. मग त्यांची नजर सोफ्याच्या वर गेली. मी मनातल्या मनात म्हटलं, संपलं, आता हा माणूस आरडाओरडा करणार. आयुष्यात त्यांनी एकदा पुरं केलेल्या चित्राला पुन्हा हात लावला नव्हता, कुणाला लावू दिला नव्हता, हे गावभर माहीत. ते पुढं गेले. चष्मा काढला, पुन्हा घातला.

"हे कुणी केलं?"

"मी," आई म्हणाली. "बटाट्यानं. दर ईस्टरला. काजळी बसते मेली."

"काजळी मानेवरच बसते?"

"तिथं नाहीये ना आता ते! गेलं. डॉक्टरनं काढलं." आईचा आवाज चढला. "तुम्हीच म्हणायचात, असेल तेवढंच काढतो. मग नसलेलं कशाला ठेवायचं? आणि एक सांगा मला, हेर टानर्ट. इतकी वर्षं विचारायचंय. तुम्हाला दिसत होतं. तोंडानं बोलला का नाहीत? मला लेकरू होतं, ते टेबलाखाली बसलेलं असायचं. बोलला का नाहीत हो?"

टानर्ट खाली बघत, एखादं पोर शिक्षकासमोर बोलतं तसे अडखळत म्हणाले, "मला कळलंच नव्हतं. खरंच सांगतो. गाठ आहे, दुखणं आहे, असलं काही मनातही आलं नाही. मला एवढंच दिसलं, की तिथं उजेड वेगळा पडतो. म्हणून बटण काढायला सांगितलं. उजेड पडला तसा काढला." आणि पुढं अगदी हळू, "डॉक्टरनं सांगितलं, तेव्हापासून मी झोपलो नाही धड. मला का नाही कळलं? एवढं बघून मला का नाही कळलं?"

आईच्या चेहऱ्यावरून तीस वर्षांचा राग उतरताना मी पाहिला. भांड्यावरची वाफ जाते तसा, सावकाश. ती धप्पकन सोफ्यावर बसली. "म्हणजे तुम्हाला ठाऊकच नव्हतं," ती म्हणाली. "अगं बाई गं! आणि मी आपली तुम्हाला शिव्या घालत बसले." मग ती हसली आणि तेही हसले, पण त्यांचे डोळे तेव्हाही काम करत होते. हसता हसता ते म्हणाले, "फ्राऊ नोआक, वरचं बटण काढा." आणि आईनं काढलं. या वेळी लगेच.

ते तिच्या व्रणाकडे बघायला लागले. मी आजवर पुष्कळ कलावंत बघितले, दिव्यांच्या झोतात उभे असलेले. पण तसं बघणं मी पुन्हा पाहिलं नाही. त्यात कीव नव्हती की उत्सुकता नव्हती. जगात त्या वेळी तेवढी एकच गोष्ट होती, माझ्या आईच्या गळ्यावरची वाकडी तांबूस रेघ, आणि ती तिथं आहे याचंच त्यांना नवल वाटत होतं. मलाही वाटायला लागलं. तीस वर्षं मी तो व्रण रोज रात्री बघत होते आणि मला तो त्या दिवशी दिसला. डावीकडे जरा वर चढणारा, मधे एक बारीक गाठीचा टाका, टोकाला फिकट होत गेलेला. त्यांनी विचारलं, "एक अंडं आहे का?" आईनं माझं केकचं अंडं दिलं. त्यांनी ते वाटीच्या कडेवर फोडलं, पांढरं ओघळू दिलं आणि पिवळा बलक तळहातावर घेतला. मग या हातावरून त्या हातावर, त्या हातावरून या हातावर, मधेमधे कोटाला हात पुसत, बलक कोरडा होईपर्यंत. फुटला नाही. शेवटी दोन बोटांच्या चिमटीत त्याची कातडी धरून लोंबता ठेवला, सुईनं टोचला आणि आतलं वाटीत गाळलं. कातडी बोटांत राहिली. खिशातून कागदाची पुडी निघाली, तांबड्या मातीची, आणि एक ब्रश, जेमतेम चार केसांचा. फळी भिंतीवरून काढलीही नाही. सोफ्यावर गुडघे टेकून, आईला शेजारी उभं करून, त्यांनी ती रेघ ओढली. एकदाच. ओढून झाली तेव्हा त्यांना सोफ्यावरून उतरवायला आम्हा दोघींना हात द्यावा लागला.

हे सगळं मी फ्राऊ वोल्फरामला सांगितलं तेव्हा माझेच हात तसे चालले होते, रिकामे, या तळव्यावरून त्या तळव्यावर. ती माझ्या हातांकडे बघत होती. "कोटाला पुसत?" तिनं विचारलं. "कोटाला," मी म्हटलं, "खिशाच्या खाली, कायम एकाच जागी." ती उठली आणि खिडकीशी गेली. "बलक असा वाळवायला मला माझ्या शिक्षकांनी शिकवलं," ती म्हणाली. "त्यांना टानर्टनी. आम्ही सगळे अजून कोटालाच पुसतो. ओरडा खातो धोबिणीचा." मग ती वळली, तर तिचा चेहरा पांढराफटक. "आणि मी उद्या पातं लावणार होते."

"लावलं नाहीत ना," मी म्हटलं. तिचीच मला दया आली.

ती परत टेबलाशी आली. तिरपा दिवा तिनं अजून खाली घेतला आणि आम्ही दोघी डोकी जवळ घेऊन वाकलो. पुसलेल्या पांढऱ्या अस्तरावर ती रेघ एकटीच होती. आजूबाजूला मानेचा रंग नाही, सावली नाही, बटाट्याचे गोल गोल घासलेले वळसे तेवढे उजेडात दिसत होते. आणि त्यांच्यामधून ती रेघ गेलेली, मधे एक बारीक टाका, टोकाला फिकट. "मानेचं काय करू?" तिनं विचारलं, आणि आता ती मला खरोखरच विचारत होती. "रेघेला कुणी हात लावणार नाही, ते मी वरिष्ठांना सांगते. पण फोटो आहे. गाठ मी रेघेच्या भोवतीनं परत आणू शकते. लोक तीच बघायला येणार आहेत." मी आईच्या तोंडाकडे पाहिलं. मला तो फुगवटा पुन्हा बघायचा होता, अजूनही, खोटं कशाला बोलू. त्याच्याइतकं सुंदर मी काही बघितलेलं नाही. आणि माझ्या तोंडून निघालं, "नको. तिचं बरं झालंय."

फ्राऊ वोल्फरामनं काडीवरचा कापूस काढून डब्यात टाकला. चित्राखाली काय लिहायचं, असं ती विचारत होती. कुणी पुसलं, कशानं, हे लिहू का? लिहा की, मी म्हटलं, त्यात लाज कसली. मग तिनं विचारलं, नंतरही पुसत राहिल्या का त्या, कारण रेघेवर एकही ओरखडा नाही. घड्याळात बघितलं तर माझी सुटी केव्हाच संपलेली. कोरसची एक बाई उघड्या गळ्यानं माझी वाट बघत बसली असणार. मी टेप सारखी केली. टानर्ट येऊन गेले त्याच्या पुढच्या ईस्टरला आईनं पडदे उतरवले, गाद्या झोडपल्या, बटाटा अर्धा कापला आणि ती सोफ्यावर चढली. मी दारात उभी होते. चित्रासमोर ती बराच वेळ उभी राहिली, बटाटा हातात, वरचं बटण उघडं. मग "आता बरोबर आहे," म्हणाली, खाली उतरली, आणि तो बटाटा तिनं सोलून सूपमध्ये टाकला.